धक्का एकच, मग हीच इमारत का डोलते?

परभणी - हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी सकाळी झालेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाचे धक्के परभणीतही जाणवले. अशा वेळी सर्व इमारती सारख्या हलत नाहीत.

झोपाळ्याप्रमाणे प्रत्येक इमारतीला स्वतःचा आंदोलनकाल असतो. बैठ्या घराचा तो सेकंदाच्या एक-दोन दशांशाइतका, तर दहा मजली इमारतीचा सुमारे एक सेकंद असतो. जमिनीच्या तालावर इमारत हलते, ती प्रेरित आंदोलने. हे दोन्ही ताल जुळले, की दर धक्क्यागणिक झोका वाढतो. हेच अनुस्पंदन होय.

मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ रोजी जुन्या तळ्याचा मऊ गाळ सुमारे दोन सेकंदांच्या तालात हलला. तडे जाऊन आंदोलनकाल लांबत गेलेल्या सहा ते पंधरा मजली इमारतींना सर्वाधिक फटका बसला.

हा झोका आवरते ते अवमंदन. सांध्यांतील व भिंतींतील घर्षणात ऊर्जा खर्ची पडते आणि आंदोलने ओसरतात.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी मात्र बैठी घरेच कोसळली. तेथील जाड दगड-मातीच्या भिंती बांधून ठेवणारे काहीच नव्हते. म्हणूनच इमारतीची उंची, खालची जमीन आणि बांधकामाची जोडणी या तिन्हींचा विचार घर बांधण्यापूर्वीच व्हायला हवा.