आधीं कोणास पाहावें?

मनोविकारांच्या बाह्यरुग्ण विभागांत सकाळीं जमलेल्या मंडळींवर सहज नजर फिरविली, तर कोणाचें दुखणें किती गंभीर आहे हें मुळींच कळत नाहीं. हाड मोडलेल्या मनुष्याची वेदना डोळ्यांस दिसते; भाजलेल्या मुलाचें रडणें साऱ्या दालनास ऐकूं येतें. मनाच्या दुखण्याचें तसें नाहीं. मोठमोठ्यानें कुरकुर करणारा रुग्ण कदाचित् दोन तास थांबूं शकेल. आणि भिंतीशीं मुकाट्यानें बसून प्रत्येकास ‘तुम्ही पुढें व्हा’ म्हणणारी बाई मात्र थांबण्याच्या स्थितींत नसेल. म्हणून आलेल्यांस आलेल्या क्रमानें आंत सोडणें हा दिसावयास न्याय असला, तरी येथें तो अन्याय ठरण्याचा संभव असतो.

नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य लारे यानें जखमी शिपायांचा हुद्दा न पाहतां जखमेच्या गंभीरपणाप्रमाणें त्यांस उपचार देण्याची पद्धत पाडली. फ्रेंच भाषेंतील निवडणें या अर्थाच्या शब्दावरून अशा निवडीस ‘ट्रायाज’ म्हणतात. मनोरुग्णांच्या बाबतींत या निवडीचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात. ज्याच्या मनांत जीव देण्याचा विचार पक्का झाला आहे व साधनही हाताशीं आहे, जो दुसऱ्यास इजा करील अशी भीति आहे, किंवा ज्यानें अन्नपाणी सोडलें आहे, त्यास तत्काळ पाहावें लागतें. नुकताच भास होऊं लागलेला तरुण, दिवसेंदिवस झोपेवांचून बडबडणारा मनुष्य, किंवा बाळंतपणानंतर भलतेंच बोलूं लागलेली माता, यांस त्याच दिवशीं पाहणें इष्ट. माता स्वतःस किंवा मुलास अपाय करील अशी शंका येतांच तिची गणना पहिल्या वर्गांत होते. जुनी चिंता, सौम्य औदासीन्य, झोपेची तक्रार यांस पुढची तारीख देतां येते. परंतु ती तारीख लिहूनच द्यावयास हवी.

ही निवड कांहीं थोड्या प्रश्नांवर होते. त्यांपैकीं सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ हा होय. असें विचारल्यानें नसता विचार डोक्यांत शिरेल, अशी कित्येकांची समजूत असते. ती खरी नाहीं. उलट, कोणी तरी सरळ विचारलें म्हणून मनावरील भार हलका होतो, व धोका किती जवळ आहे हेंही कळतें.

दुसरी सावधगिरी शरीराची. तापांत एकाएकीं भ्रमिष्ट झालेला वृद्ध हा वेडा नसतो. त्याचें मूळ दुखणें शोधण्यासाठीं त्यास सामान्य रुग्णालयांत न्यावें लागतें. दारू अकस्मात् सोडलेल्या मनुष्यास दोनतीन दिवसांत कंप, झटके व भ्रम होऊं लागल्यास जिवासही धोका असतो. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें कार्य मंदावलें, तर होणारी ग्लानि औदासीन्यासारखीच भासते.

निवड झाली म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. पोस्टांत पत्रांची छाननी उत्तम झाली, पण पुढें तीं पोंचविणारा पोस्टमनच नसेल, तर छाननीचा उपयोग काय? मनोविकाराच्या उपचारांस आठवडे, महिने लागतात. औदासीन्यावरील औषधांचा गुण दिसूं लागण्यास बहुधा दोन ते चार आठवडे जातात, आणि गुण दिसण्यापूर्वींच पुष्कळ रुग्ण औषध टाकून देतात. शिवाय एकाच रुग्णास अनेक वैद्य पाहत असतात. लिथियम घेणाऱ्या मनुष्यास गुडघेदुखीसाठीं दुसऱ्या डॉक्टरानें आयबुप्रोफेन दिलें, तर रक्तांतील लिथियमचें प्रमाण विषारी होण्याइतकें वाढूं शकतें. कित्येकदां येथें चूक कोणा एकाची नसते. एकाचें दुसऱ्यास कळत नाहीं, एवढेंच कारण असतें. म्हणून प्रत्येक रुग्णामागें त्याच्या कागदांचा, तारखांचा व औषधांचा धागा हातीं धरणारी एक जबाबदार व्यक्ति असावी लागते.

ही व्यक्ति मोठी तज्ज्ञच असली पाहिजे, असें नाहीं, हें गोव्यांत दिसून आलें. तेथें 24 दवाखान्यांत ‘मानस’ या नांवानें एक प्रयोग झाला व त्याचें फळ 2010 सालीं प्रसिद्ध झालें. येणाऱ्यांस 12 प्रश्नांची एक प्रश्नावली विचारून चिंता व औदासीन्य यांनीं पीडलेल्यांस निवडीत; मग पूर्वीं वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, परंतु या कामाचें शिक्षण दिलेल्या समुपदेशक स्त्रिया त्यांस दुखणें समजावून सांगत, धीर देत व पुढील भेटींचा पाठपुरावा करीत. औषध दवाखान्याचा डॉक्टर देई. मनोविकारतज्ज्ञाचा वेळ कठीण रुग्णांसाठीं राखून ठेवलेला असे. सरकारी आरोग्यकेंद्रांत याचा स्पष्ट लाभ झाला. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाहीं.

कुटुंबीयांनीं करावयाच्या गोष्टी सोप्या आहेत. पहिल्याच खिडकीवर खरी हकीकत सांगावी. ‘अशक्तपणा आहे’ असें म्हणून रुग्णास मागच्या रांगेंत लोटूं नये. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी जवळ बाळगावी, आणि चुकलेली तारीख दुसऱ्याच दिवशीं मागून घ्यावी. लोकलज्जेनें मागें राहणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं 2017च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानें रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे, व आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याची काळजी व उपचार करण्याचें कर्तव्य शासनावर ठेविलें आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजीं सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

शरीराच्या जखमेस रक्त असतें, म्हणून लोक वाट सोडतात. मनाच्या जखमेस वाट मागतां येत नाहीं; ती दुसऱ्यानें करून द्यावी लागते.