राणीछाप रुपया आणि डबीवरचा आकडा

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघायला आलेल्या एखाद्या नाणेसंग्राहकाला वाटू शकतं, की कवीच्या जन्मसालचा, म्हणजे 1866 चा, राणीछाप रुपया आपल्याकडे असायला हवा. 1866 असं साल कोरलेला असा रुपया कुणी विकायला काढला, तर तो हातात न घेताही नकली म्हणता येतो. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव नसलेले, थेट ब्रिटिश राजवटीचे राणीछाप रुपये 1862 साली सुरू झाले आणि पुढची बारा वर्षं त्यांच्यावरचं साल बदललंच नाही. 1866 मध्ये टांकसाळीत रुपये धडाधड पाडले जात होते, पण प्रत्येकावर 1862 च होतं. 1874 पासून खरं साल यायला लागलं. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीने सालाच्या आसपास बारीक ठिपके दिले आणि ते कमीजास्त केले. कोणता रुपया नेमका कोणत्या वर्षीचा, हे नाणेतज्ज्ञ त्या ठिपक्यांवरून ठरवतात. म्हणजे सामान्य नजरेला एकच वाटणाऱ्या 1862 च्या रुपयांत अनेक जाती आहेत. काही टोपलीभर मिळतात, काही महिनोन्महिने शोधून सापडत नाहीत. गौरी-गणपतीच्या आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात वर्षानुवर्षं ठेवला जाणारा बंदा रुपया यांतला कोणता, तो अस्सल आहे का, त्याची झीज किती आणि त्याला कुणी घासलंय का, या चार प्रश्नांवर त्याची किंमत ठरते. विकणाऱ्याने दिलेल्या उत्तरावर घेणाऱ्याने विश्वास का ठेवावा, हा पाचवा प्रश्न. नाण्यांचं ग्रेडिंग आणि प्रमाणपत्र यांचा जन्म या पाचव्या प्रश्नातून झाला. पहिल्या चारांची उत्तरं तर जाणते संग्राहक पूर्वीपासून देतच होते.

हे लक्षात घेतलं नाही की पुढचे सगळे गैरसमज ओळीने येतात. नाण्याची अवस्था आकड्यात सांगायची पद्धत विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने 1949 साली मांडली, तीही फक्त अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. त्याची कल्पना चक्क बाजारी होती: ओळखता येईल इतपतच उरलेलं नाणं 1 आणि निर्दोष नाणं 70, कारण निर्दोष नाण्याला पार झिजलेल्याच्या सत्तरपट किंमत यावी असा त्याचा हिशेब होता. किमतीचं ते गणित थोड्याच वर्षांत कोलमडलं, पण 1 ते 70 हे माप टिकलं आणि जगभर पसरलं. तरीही बरीच वर्षं आकडा लावायचा व्यापाऱ्यानेच. तोच व्यापारी विकत घेताना नाणं 'बरं' म्हणायचा आणि विकताना 'उत्तम'. 1980 च्या दशकात अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या उभ्या राहिल्या, त्या याच दुखण्यावर उपाय म्हणून. या कंपन्या आकडा लावायची फी घेतात. नाणं कोणाचं आहे हे परीक्षकांना सांगितलं जात नाही. एकाहून अधिक परीक्षक ते स्वतंत्रपणे पाहतात, मग आकडा ठरतो आणि नाणं प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, संग्राहकांच्या भाषेत 'स्लॅब'मध्ये, क्रमांकासह बंद होतं. 60 ते 70 म्हणजे वापरात न आलेलं नाणं. त्याखालचे आकडे झिजेच्या पायऱ्या दाखवतात.

इथे पहिला आणि सगळ्यात पक्का गैरसमज येतो: प्रमाणपत्र म्हणजे सोन्याच्या हॉलमार्कसारखं काहीतरी सरकारी. हॉलमार्कच्या मागे भारतीय मानक ब्युरो आहे, कायदा आहे, आणि 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला आहे. शिवाय हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो आणि ती मोजता येते. नाण्याच्या ग्रेडमागे कोणतंही सरकार नाही, रिझर्व्ह बँक नाही, पुरातत्त्व खातं नाही. ते एका खासगी कंपनीचं मत आहे. मग त्याची किंमत काय? मत देणाऱ्याला सौद्यातून काही मिळत नाही, एवढीच. ही गोष्ट लहान वाटते, पण अनोळखी माणसांमधला सौदा तिच्यावरच चालतो. रत्नागिरीतल्या विक्रेत्याचं नाणं पुण्यातल्या किंवा लंडनमधल्या माणसाने फोटो बघून घ्यायचं, तर दोघांच्या मध्ये कुणी तिऱ्हाईत लागतोच.

दुसरा गैरसमज जास्त पैसे बुडवतो: जुनं म्हणजे महाग. ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचं नाणं लाखोंना विकलं जातं अशा जाहिराती मोबाइलवर फिरत असतात. अशा व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, कर, कमिशन उकळलं जाऊ लागलं, तेव्हा ऑगस्ट 2021 मध्ये खुद्द बँकेला जाहीर सांगावं लागलं की आम्ही असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि कुणालाही त्यासाठी नेमलेलं नाही. राम, सीता, लक्ष्मण आणि मारुती असलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 हे साल घातलेलं 'नाणं' तर कित्येक देव्हाऱ्यांत पूजेत आहे. ते चलनात कधीच नव्हतं. कंपनी हिंदू देवदेवता छापतच नव्हती, असं मात्र नाही. मद्रासकडच्या तिच्या होनांवर देवांच्या मूर्ती आहेत. खटकतो तो या रामदरबारी तुकड्यावरचा इंग्रजी मजकूर, साल आणि मूल्य यांचा मेळ. तो कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीच्या नोंदीत बसत नाही. पूजेत त्याला खुशाल ठेवावं, विकायला मात्र काढू नये.

उलट खऱ्या आणि गाजलेल्या नाण्याचीही किंमत केवळ गाजण्याने वाढत नाही. पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका बारीक कोरला गेला, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, रुपया मागे घेतला गेला आणि 1912 साली हत्ती नीट दिसेल असा ठसा आला. कहाणी ऐकून घरातला 'पिग रुपया' म्हणजे घबाड वाटतो. पण मागे घेण्यापूर्वी सुमारे सात लाख रुपये बाहेर गेले होते. झिजलेला पिग रुपया त्यामुळे आजही फारशी खटपट न करता मिळतो. दुर्मीळ आहे तो न वापरलेला, मूळ चमक असलेला. त्या दोहोंमधलं अंतर डोळ्यांना नखभर आणि पैशांत हातभर असतं. ग्रेडिंगला अर्थ येतो तो अशाच ठिकाणी.

आणि ही मूळ चमक आपण आपल्या हातांनी घालवतो. सणाच्या आदल्या दिवशी देवाची भांडी घासायला चिंच, कोकम, राख किंवा पितांबरी निघते, आणि तांब्या-पळीबरोबर डबीतले रुपये आणि ढब्बू पैसेही चकचकीत होतात. घासलेलं नाणं जास्त किमतीला जातं, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की विकायला काढण्यापूर्वी लोक मुद्दाम नाणं घासतात. प्रत्यक्षात होतं ते उलटंच. तांबं आणि चांदी हवेशी वर्षानुवर्षं संयोग पावून वर एक पातळ थर तयार करतात. संग्राहक त्याला पॅटिना म्हणतात. तो मळ नसतो, धातूचाच बदललेला वरचा पापुद्रा असतो. चिंचेतलं आणि कोकमातलं आम्ल तो विरघळवतं, राख आणि पावडर धातूवर हजारो बारीक ओरखडे ओढतात. टांकसाळीत ठसा दाबला जाताना धातू ज्या दिशेने सरकतो, तिथून नव्या नाण्याची ती फिरती झळाळी येते. एकदा धातूचा हा वरचा थर खरवडला गेला की ती झळाळी कोणत्याही उपायाने परत येत नाही. परीक्षक भिंगाखाली नाणं तिरप्या उजेडात फिरवतो तेव्हा हे ओरखडे एका दिशेने उभे राहतात. अशा नाण्याला मग आकडा मिळत नाही; 'साफ केलेलं' असा शेरा मिळतो. ठसा कितीही शाबूत असला तरी त्या शेऱ्याने भाव कोसळतो. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत नाणी लवकर काळवंडतात हे खरं. त्यावर इलाज म्हणजे कोरडी जागा आणि रासायनिक द्रव्य नसलेली पाकिटं. मऊ पीव्हीसीची पाकिटं कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर चढवतात, म्हणून तीही नकोत.

नकलांचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. सहाव्या जॉर्जचा 1939 चा चांदीचा रुपया मुंबईच्या टांकसाळीने पाडला, चलनात फार थोडा आला. पुढच्याच वर्षी चांदीचं प्रमाण निम्म्यावर आणलं गेलं. त्यामुळे 1938 च्या सर्वसाधारण रुपयावरच्या 8 चा 9 करण्याचा उद्योग जुना आहे. इथे वजनकाट्याचा उपयोग होत नाही. चांदी खरी, वजन 11.66 ग्रॅमच्या आसपास, ठसा टांकसाळीचाच, खोटा आहे तो एकच अंक. सराफाचं यंत्र धातू सांगेल, अंकाच्या कडेला हलवलेला धातू मात्र भिंग आणि सवयीची नजरच सांगते. खुद्द मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुढे कित्येक वर्षं पुन्हा नाणी पाडून दिली. ती खोटी नाहीत, पण त्या सालची मूळ नाणीही नाहीत. हा फरक लिहून देणारा तटस्थ माणूस हवा असतो.

आता आक्षेप, आणि त्यांत दम आहे. परीक्षक चुकत नाहीत का? चुकतात. तेच नाणं डबीतून काढून पुन्हा पाठवलं तर आकडा एखाद्या पायरीने वरखाली होतो, हे धंद्यातलं उघड गुपित आहे. काही लोक चढा आकडा मिळेपर्यंत पाठवतच राहतात. ग्रेडिंग वस्तुनिष्ठ असल्याच्या जाहिरातबाजीवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 1990 साली पीसीजीएसला कोर्टात खेचलं होतं. डब्यासुद्धा नकली निघतात. क्रमांक खऱ्या नोंदीतला उचललेला असतो, म्हणून क्रमांक जुळला एवढ्यावर न थांबता कंपनीच्या नोंदीतला फोटो हातातल्या नाण्याशी जुळवावा लागतो. हे सगळं मान्य करूनही मुद्दा उरतोच. एका पायरीने चुकू शकणारं तिऱ्हाइताचं मत आणि स्वतःचा नफा ठरवणारं विक्रेत्याचं मत, यांत घेणाऱ्याने कोणतं निवडावं? ग्रेडिंगची तुलना निर्दोषतेशी केली तर ते हरतं. करायला हवी ती ग्रेडिंग नसलेल्या बाजाराशी.

शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या शिवराईच्या बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. 70 चं माप यंत्राने पाडलेल्या, एकसारख्या नाण्यांसाठी जन्मलं. शिवराई हाताने ठोकलेली. तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान, म्हणून एका बाजूच्या 'श्री राजा शिव' मधलं एखादं अक्षर बाहेर, दुसऱ्या बाजूच्या 'छत्रपति' मधलं निम्मंच आत. वजन कमीजास्त, कडा वेड्यावाकड्या. तिची झीज मोजण्याआधी तिच्यावर मुळात काय उमटलं होतं ते कळायला हवं. प्राचीन नाण्यांसाठी एनजीसी हे मान्य करते: ठोक कशी बसली आणि पृष्ठभाग कसा आहे याला वेगवेगळे, पाचपैकी गुण देते. शिवराई प्राचीन ठरत नसल्यामुळे तिला ही सवलत मिळत नाही. शिवाय ती रायगडच्या काळातली, नंतर कुणी पाडलेली की पेशवाईतली 'दुदांडी' नावाची, हे अक्षरांच्या वळणावरून ओळखायचं काम इथल्या अभ्यासकाचं आहे. नाशिकजवळ अंजनेरीला 1980 पासून नाण्यांच्या संशोधनासाठी वाहिलेली संस्था आहे. शिवराईबद्दल दूरच्या डबीवरल्या आकड्यापेक्षा अशा ठिकाणच्या ज्ञानाला वजन द्यायला हवं. शिवकालीन सोन्याच्या होनाचं तर विचारूच नये. त्याच्या प्रतिकृती स्मृतिचिन्ह म्हणून राजरोस विकल्या जातात आणि दोन हात बदलले की 'वडिलोपार्जित' होतात.

आणि कायदा आहेच. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे, आणि ती देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. शिवराई, 1862 चा राणीछाप किंवा 1911 चा पिग रुपया पाकिटात घालून अमेरिकेला ग्रेडिंगसाठी धाडणं म्हणजे बेकायदा निर्यात. शिक्षा किमान सहा महिने कैद. 1939 चा रुपया अजून त्या मर्यादेत येत नाही. विहीर खणताना किंवा जांभ्याच्या चिऱ्यांखाली नाण्यांचं मडकं सापडलं, तर ग्रेडिंगचा विचारही नंतरचा. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीच्या गुप्तधनाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. जे नाणं नियमात बसतं, त्याच्यासाठी हिशेब सरळ आहे: फी, टपाल आणि विमा यांची बेरीज करावी, आणि एक पायरी वर-खाली झाल्याने भावात पडणारा फरक त्या बेरजेहून मोठा असेल तरच नाणं पाठवावं. घरातल्या डबीतल्या शंभरातल्या नव्वद नाण्यांना हा हिशेब लागू पडत नाही.