जुन्या खेळांना नवे घर

महाराष्ट्रातील अनेक व्यापारी घराण्यांत लाल कापडात बांधलेल्या मोडी लिपीतील वह्या आजही सापडतात. कागद शाबूत असतो, शाई टिकलेली असते. मात्र ती अक्षरे वाचून दाखवणारा माणूस घरात उरलेला नसतो. संगणकाच्या जगात हीच अवस्था अवघ्या एका पिढीत ओढवली. १९९० च्या दशकात ज्या खेळांवर मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवल्या, त्यांच्या फ्लॉपी कपाटात असल्या तरी आजचा संगणक त्यांची भाषा जाणत नाही. ती भाषा पुन्हा बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामला इम्युलेटर म्हणतात. डॉसच्या खेळांसाठी त्यांपैकी सर्वाधिक परिचित आहे तो डॉसबॉक्स.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि त्याच्यासोबत मायक्रोसॉफ्टने पुरवलेली डॉस ही कार्यप्रणाली आली. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि काम करून घ्यायचे, अशी तिची रीत होती. त्या काळचा खेळ जणू थेट वखारीत शिरून हवा तो माल उचलत असे. पडदा, ध्वनीचे कार्ड, घड्याळ यांच्याशी तो मध्यस्थावाचून व्यवहार करी. आजच्या कार्यप्रणालीत कोणत्याही प्रोग्रामला वखारीची किल्ली मिळत नाही. प्रत्येक गोष्ट गल्ल्यावर मागून घ्यावी लागते. शिवाय डॉसचे प्रोग्राम १६ बिटांचे होते आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ते चालवण्याची सोयच ठेवलेली नाही. अशा रीतीने खेळ आणि यंत्र यांची ताटातूट झाली.

ही ताटातूट किती गंभीर ठरू शकते, हे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळाच्या इतिहासावरून कळते. अमेरिकेतील जॉर्डन मेकनर या तरुणाने आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले व त्यावरून राजपुत्राची प्रत्येक हालचाल रेखाटली. खेळाला संगीत दिले त्याचे वडील फ्रान्सिस मेकनर यांनी. १९८९ मध्ये अॅपल टू संगणकावर आणि १९९० मध्ये डॉसवर हा खेळ आला. साठ मिनिटांत राजकन्येची सुटका करण्याची त्याची अट अनेकांच्या स्मरणात असेल. पुढे अॅपलवरील मूळ आवृत्तीची लिखित संहिता खुद्द निर्मात्याजवळही सापडेना. अखेर २०१२ मध्ये वडिलांच्या घरातील एका खोक्यात त्या फ्लॉपी मिळाल्या. दोन दशकांहून अधिक काळ पडून राहिलेल्या चुंबकीय तबकड्यांवरील मजकूर टिकला असेल, याची शाश्वती नव्हती. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जाणकारांनी जुनी यंत्रसामग्री जुळवून तो उतरवून घेतला आणि मेकनर यांनी ती संहिता सर्वांसाठी खुली केली. फ्लॉपी सांभाळणारा पिता आणि ती वाचू शकणारे यंत्र यांपैकी एकही नसते, तर ते काम कायमचे गेले असते.

डॉसबॉक्सची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ते मूळ खेळात एका अक्षराचाही बदल करीत नाही. त्याऐवजी संगणकाच्या आत एक काल्पनिक जुना संगणक उभा करते. त्याचा प्रोसेसर, पडदा, ध्वनीचे कार्ड ही सर्व केवळ सॉफ्टवेअरची रूपे असतात आणि खेळाला वाटते की आपण १९९० मध्येच आहोत. डॉससारखी आज्ञाप्रणाली त्यात अंगभूत असल्यामुळे वेगळा डॉस विकत घ्यावा लागत नाही.

हे विंडोजवरही चालते; तथापि लिनक्सवर त्याची सांगड विशेष सोयीची आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभ केलेले लिनक्स विनामूल्य मिळते आणि त्याच्या काही हलक्या आवृत्त्या बऱ्याच जुन्या संगणकांवरही चालतात. उबुंटू किंवा डेबियन यांच्या भांडारातून डॉसबॉक्सही विनामूल्य बसवता येते. खेळाच्या फाइली एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवाव्यात. डॉसबॉक्स उघडल्यावर दिसणाऱ्या काळ्या चौकटीत ‘माउंट’ आज्ञा देऊन तो फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडावा, मग सी ड्राइव्हवर जाऊन खेळाच्या मुख्य फाइलीचे नाव टाइप करावे. खेळ सुरू होतो.

क्वचित तो फार वेगाने धावू लागतो. जुन्या कित्येक खेळांची चाल प्रोसेसरच्या गतीला बांधलेली असे आणि आजचे प्रोसेसर त्या काळच्या तुलनेत कितीतरी वेगवान आहेत. कंट्रोलसोबत एफ ११ ही कळ दाबली की काल्पनिक प्रोसेसर मंदावतो. एफ १२ ने त्याची गती वाढते.

दुसरी अडचण कळीने सुटणारी नाही. नकला रोखण्यासाठी डॉसवरील ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पहिला टप्पा संपल्यावर माहितीपुस्तिकेतील अमुक पानावरच्या, अमुक ओळीतील, अमुक शब्दाचे पहिले अक्षर विचारी आणि त्या अक्षराच्या कुपीतील द्रव प्यावा लागे. पुस्तिका हरवली असेल तर फ्लॉपी शाबूत असूनही वाट बंद होते.

खेळ जुना झाला म्हणून बेवारस होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यावरील स्वामित्वहक्क कायम असतो. काही जुने खेळ आजही अधिकृतपणे अल्प दरात विकले जातात आणि त्यांच्यासोबत बहुधा डॉसबॉक्सच दिलेले असते. ‘बिनीथ अ स्टील स्काय’सारखे काही खेळ त्यांच्या मालकांनीच विनामूल्य केले आहेत. अशा सरळ वाटा उपलब्ध असताना चोरवाटेची गरज उरत नाही.

व्यापारी कुटुंबांना यातून आणखी एक बोध घेता येईल. त्याच काळात अनेक पेढ्यांची कीर्द-खतावणी डॉसवरील प्रोग्राममध्ये लिहिली जात होती. डॉसबॉक्स खेळांसाठी घडवलेले असून त्याच्या मूळ आवृत्तीत छपाईची सोय नाही. म्हणून रोजच्या व्यवहारासाठी त्याच्यावर विसंबू नये. परंतु जुने हिशेब उघडून पाहण्याचा प्रयत्न त्यात अवश्य करता येतो.

त्याआधी फ्लॉपी वाचून घेतली पाहिजे. ३.५ इंची फ्लॉपीसाठी यूएसबीवर चालणारे ड्राइव्ह मिळते, ५.२५ इंची असेल तर जाणकाराची मदत घ्यावी. एका फ्लॉपीत जेमतेम १.४४ एमबी मावते, त्यामुळे शंभर फ्लॉपींचा ऐवज लहानशा पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात बसतो. त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागी ठेवाव्यात, पुस्तिकेच्या पानांची छायाचित्रे काढून त्यांनाही सोबत जागा द्यावी. इम्युलेटर पुढल्या वर्षीही मिळेल. चुंबकीय तबकडी मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजत असते.