रक्तातले लोखंड आणि शिरेतली बाटली

कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाने रक्तावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु मजुरी ज्या हातांनी मिळवायची त्या हातांतले बळ रक्तावरच अवलंबून असते. आमच्या शेलूबाजारच्या परिसरात कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जिच्या रक्तात लोह कमी, तिची ओटी उशिरा भरते आणि संध्याकाळी काट्यावर तिचे वजन कमी भरते. लोक तिला आळशी म्हणतात, घरचे कामचुकार म्हणतात आणि काही दिवसांनी तिलाही ते खरे वाटू लागते. म्हणून हा प्रश्न जितका डॉक्टरांचा तितकाच आमचाही आहे. आम्ही डॉक्टर नव्हे; वाचून आणि विचारून जे समजले ते साध्या भाषेत मांडतो.

हा आळस नव्हे याला पुरावा आहे. इंडोनेशियात रबराच्या मळ्यांतील मजुरांची पाहणी झाली व ती १९७९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना रक्तक्षय होता ते झाडांचा चीक कमी गोळा करीत. त्यांना ६० दिवस लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांचे काम वाढले. माणसे तीच, झाडेही तीच. फरक फक्त रक्तात पडला. आपल्याकडची स्थिती काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे प्रश्न मिटण्याऐवजी वाढला.

आता या लोखंडाचा जमाखर्च पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे. त्यातील बहुतेक भाग रक्तातल्या तांबड्या पेशींत, हिमोग्लोबिनच्या रूपाने असतो. फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोहोचवायचा, ही त्याची हमाली. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मेली की शरीर तिच्यातले लोह काढून घेते आणि त्यातून नवी पेशी घडवते. भंगार वितळवून नवा माल करणाऱ्या कारखान्यासारखेच हे आहे. त्यामुळे रोज बाहेरून फक्त एक-दोन मिलिग्रॅम लोह मिळाले तरी भागते. अडचण येते ती खर्च वाढल्यावर. मासिक पाळीत रक्त जाते. एका गरोदरपणाला एकूण सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पायातून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो. जमा तेवढीच राहून खर्च वाढला की शरीर आधी शिल्लक मोडून खाते. ती संपली की मग हिमोग्लोबिन उतरू लागते. म्हणजे थकवा जाणवतो तेव्हा तिजोरी बहुधा आधीच रिकामी झालेली असते.

ही तिजोरी भरण्याचा पहिला मार्ग म्हणजे गोळी. सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक आम्ल असलेली गोळी मिळते. ती स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि बहुतेकांना पुरते. मात्र ती चहाबरोबर घेऊ नये. चहा लोहाला आतड्यातच अडवतो, उलट लिंबू किंवा आवळा त्याला मदत करतो. गोळीने शौचास काळे होते, त्याला भिण्याचे कारण नाही.

परंतु गोळीला एक दार ओलांडावे लागते, ते आतड्याचे. यकृतात हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ तयार होतो. २००० सालाच्या सुमारास तो शास्त्रज्ञांना सापडला. तो या दाराचा पहारेकरी आहे. अंगात जुनाट दाह किंवा आजार असला की पहारेकरी दार लावून घेतो आणि गोळ्या गिळूनही लोह आत जात नाही. कुणाला गोळीने इतकी मळमळ होते की ती टिकत नाही. कुणाला आठवा महिना लागलेला असतो आणि गोळीला लागणारे महिने हाताशी नसतात. कुणाचे रक्तच इतके जाते की गोळीची आवक पुरी पडत नाही. अशांसाठी दुसरा मार्ग आहे, शिरेतून लोह देण्याचा.

हा मार्ग वाटतो तितका सोपा नव्हता. मोकळे लोह रक्तात सोडले तर ते विषासारखे वागते. म्हणून त्याच्याभोवती शर्करेच्या जातीचे वेष्टण घालावे लागते. १९५० नंतर आलेल्या डेक्स्ट्रानयुक्त लोहाने काही रुग्णांना जीवघेणी प्रतिक्रिया येई, त्यामुळे डॉक्टर या उपचाराला बिचकत. आता आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बोक्सिमाल्टोज ही अधिक सुरक्षित औषधे आहेत. शिरेत गेलेले हे कण यकृत व प्लीहेतील पेशी गिळतात, वेष्टण काढतात आणि आतले लोह गरजेप्रमाणे थोडे थोडे रक्त बनवण्यासाठी पाठवतात. म्हणून बाटली संपताच ताकद येत नाही. हिमोग्लोबिन दोन आठवड्यांत चढू लागते, आणि चांगला फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात.

किती लोह द्यायचे याचा हिशेब ठरलेला आहे. वजन, हिमोग्लोबिनची तूट आणि २.४ यांचा गुणाकार करायचा व रिकाम्या तिजोरीसाठी त्यात ५०० मिळवायचे. ४५ किलो वजनाच्या बाईचे हिमोग्लोबिन ७ आहे आणि ते १२ वर न्यायचे आहे, असे धरू. ४५ गुणिले ५ गुणिले २.४ म्हणजे ५४०. त्यात ५०० मिळवले की १०४० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज सामान्यतः एका वेळी २०० मिलिग्रॅम, दिवसाआड देतात. म्हणजे पाच खेपा झाल्या. दुसऱ्या औषधाचा, वजन पाहून, एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंतचा डोस पाऊण तासाच्या आतच देता येतो. तेथे एक-दोन खेपांत काम होते. येथे आमच्यातला संघटक जागा होतो. पाच खेपा म्हणजे पाच दिवसांची बुडालेली रोजी, आणि एस.टी.चे भाडे वेगळे. औषधाचा दर बाटलीवर छापलेला असतो, बुडालेली रोजी मात्र कुठेच छापलेली नसते. कोणते औषध स्वस्त, हे ठरवताना हाही खर्च धरला पाहिजे.

आता एक गैरसमज. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जाऊन ‘डॉक्टर, एक सलाईन लावा, ताकद येईल’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. तिच्यात लोहाचा कणही नसतो. उलट लोहाची बाटली ही ताकदीची बाटली समजून मागण्याची वस्तूच नव्हे. ती गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत. अंगात जंतुसंसर्ग भडकलेला असतानाही टाळतात. क्वचित छाती आवळणे, रक्तदाब उतरणे असे होते, म्हणून तातडीची औषधे हाताशी असतील तेथेच ती घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास तेथेच थांबावे. सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो व तो दीर्घकाळ राहतो. तेव्हा हात चुरचुरला तर लगेच सांगावे.

याहून मोठी गोष्ट अशी की, रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असे नव्हे. याचा धडा मुंबईच्या गिरणगावातच मिळाला आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या गरीब गरोदर स्त्रियांना एक घातक रक्तक्षय होत असे, त्याचा शोध तिने घेतला. तो लोहाने बरा होणारा नव्हता. यीस्टच्या अर्काने तो बरा झाला. हे निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे कळले. आज गरोदर स्त्रीच्या गोळीत लोहाच्या जोडीला जे फॉलिक आम्ल असते, त्यामागे त्या गरीब मायबहिणींचे दुखणे आहे. विदर्भात तर सिकलसेलचा आजारही आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर मोडतात. लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय वर लोह ओतले तर अपाय होऊ शकतो. म्हणून बाटलीआधी तपासणी हवी. हिमोग्लोबिन पाहावे, शक्य तेथे शिल्लक लोह दाखवणारी फेरिटिनची तपासणी करावी, आणि रक्त जाते कुठे याचा शोध घ्यावा. भोक बुजवले नाही तर माठ कितीही भरला तरी रिकामाच.

सरकारी मार्गदर्शनाप्रमाणे गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय, ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय. गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत रक्तक्षय आढळला किंवा गोळ्यांनी गुण आला नाही, तर शिरेतून लोह देण्याचा विचार करतात. ५ च्या खाली गेले तर मात्र बाटलीची वाट न पाहता तिला तत्काळ रुग्णालयात दाखल करून रक्त द्यावे लागते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. मंगरुळपीर किंवा वाशिमला जायचे तर त्या दिवशी जावे आणि तपासणीचा कागद जपून ठेवावा.

शेवटी मालक आणि मुकादम मंडळींना एक सांगणे. ९ तारखेला गरोदर मजूर बाईला सुट्टी द्या, आणि तिची त्या दिवसाची रोजी कापू नका. हे दान नव्हे. इंडोनेशियातल्या रबराच्या मळ्यांनी दाखवलेला हा साधा हिशेब आहे. मजूर भगिनींना आमचे सांगणे इतकेच, की पायऱ्या चढताना दम लागतो, डोके गरगरते, हात गळून जातात, ही तुमच्या स्वभावाची खोड नाही. ती मोजता येते, आणि जे मोजता येते त्यावर उपायही मागता येतो. तो मागा.