पेठ वसते आणि उठते

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहरापासून सुमारे बारा किलोमीटर अंतरावर, नांदगाव पेठ नावाचे गाव आहे. याच जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर नावाचे दुसरेही एक गाव आहे. ते देवाच्या नावाने ओळखले जाते, तर हे पेठेच्या नावाने. पेठ म्हणजे व्यापारासाठी वसलेली वस्ती. जेथे वाटसरूला सावली मिळते, बैलांना पाणी मिळते आणि चार वाटा एकत्र येतात, तेथे पेठ वसते. तेथे वाण्याचे दुकान असते, तसेच देऊळ असते, धर्मशाळा असते, लोहाराचा भाता आणि सुताराची पडवी असते. मनुष्य एका कामासाठी येतो आणि चार कामे उरकून जातो.

पेठेचे भाग्य मात्र रस्त्याशी बांधलेले असते. वऱ्हाडच्या कापसाचीच गोष्ट पाहा. रेल्वे येण्यापूर्वी येथील कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत असत. १८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादलेला कापूस या वाटेने कलकत्त्यास रवाना केला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. एवढे बैल ज्या वाटेने चालत, त्या वाटेवरील मुक्कामाच्या गावांना केवढी बरकत आली असेल!

पुढे १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपुरास पोचला. वऱ्हाडचा कापूस आता आगगाडीने मुंबईकडे जाऊ लागला. बैलांचे तांडे थांबले आणि त्यांच्या वाटेवरची वर्दळही ओसरली. मिर्झापूरची गतही तशीच झाली. गंगेवरची ती एके काळची गजबजलेली बाजारपेठ; पण रेल्वे तिला ओलांडून पुढे अलाहाबादेकडे गेली आणि तिचा मोठा व्यापार दुसरीकडे वळला. तरीही मिर्झापूर ओस पडले नाही. तेथील गालिचे आणि पितळी भांडी यांनी त्या शहराला हात दिला. जुना धंदा गेला, तरी कामसू माणसांनी नव्या धंद्यावर गाव सावरून धरले.

व्यापाराच्या अशाच चढउताराची एक कथा आपल्या काळात घडत आहे. ती मॉलची कथा होय. एकाच मोठ्या छपराखाली शेकडो गाळे, थंड हवा, सरकते जिने, खाण्यापिण्याची सोय आणि बाहेर प्रशस्त वाहनतळ, अशी मॉलची रचना असते. अशा प्रकारचा पहिला बंदिस्त मॉल अमेरिकेत मिनीॲपोलिस शहराजवळ १९५६ साली उघडला. त्याचे नाव साउथडेल. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. पण मॉलच्या आत बारमाही वसंतऋतूसारखी हवा ठेवलेली असे. त्याचा शिल्पकार व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्ना शहरचा. दुकानांभोवती घरे, शाळा, दवाखाना, बाग आणि तळे असावे, अशी त्याची मूळ योजना होती. त्याच्या मनात जणू एक पेठच होती. परंतु प्रत्यक्षात दुकाने उभी राहिली आणि बाकीची योजना बहुतांशी कागदावरच राहिली. पुढे जागोजागी जे मॉल उभे राहिले, त्यांत दुकाने आणि वाहनतळ एवढेच उरले. आपल्या कल्पनेचे हे रूप पाहून ग्रुएनला उतारवयात खेदच वाटला.

आपल्या देशातील सुरुवातीच्या मॉलपैकी एक म्हणजे मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली उघडलेला क्रॉसरोड्स. तो पाहण्यासाठी एवढी झुंबड उडाली, की काही दिवस प्रवेशावर निर्बंध घालावे लागले. ज्याच्याजवळ मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्याला आत सोडत. इतरांना पैसे भरून जावे लागे. पुढे या मॉलचे मालक बदलले, नावही बदलले. २०२० च्या टाळेबंदीनंतर तो जवळजवळ रिकामा झाला, कर्ज थकले आणि २०२४ साली त्याचा लिलाव झाला. ज्या दारावर गर्दी आवरता आवरत नव्हती, त्या दाराशी पंचवीस वर्षांत शुकशुकाट झाला.

ही एकट्या मॉलची कथा नव्हे. देशातील आठ मोठ्या शहरांत चाळीस टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेले ६४ मॉल आहेत, असे नाइट फ्रँक या संस्थेला २०२३ सालच्या पाहणीत आढळले.

मॉल ओस का पडतो? एक कारण असे, की पहिला मॉल चाललेला पाहून शेजारी दुसरा, तिसरा उभा राहतो. गिऱ्हाईक मात्र तेवढेच असते. दुसरे कारण घरबसल्या होणारी खरेदी. फोनवर बोट ठेवताच वस्तू दाराशी येऊ लागली, तेव्हा केवळ वस्तूसाठी मॉलमध्ये जाण्याची निकड उरली नाही. तिसरे कारण मालकीचे आहे. काही मॉलमध्ये गाळे सुटे सुटे विकले जातात. गाळेधारक शंभर झाले, की मते शंभर होतात. छप्पर गळू लागले तर खर्च कोणी करावा, कोणत्या मजल्यावर कोणते दुकान असावे, यावर एकमत होत नाही. याउलट जेथे सारी इमारत एका मालकाची असते आणि गाळे भाड्याने दिलेले असतात, तेथे निर्णय लवकर होतात.

एकदा उतरण लागली, की ती थांबवणे कठीण जाते. प्रथम एखादे मोठे दुकान बंद होते. त्याच्या ओढीने येणारी माणसे येईनाशी होतात. मग लहान दुकानांचा गल्ला घटतो आणि त्यांतील काही उठून जातात. दिवाबत्ती, झाडलोट, पहारा यांचा खर्च उरलेल्यांवर पडतो. तो झेपेना, म्हणून सरकते जिने बंद ठेवतात, थंड हवा बंद करतात. अशा काळोख्या, कोंदट जागी गिऱ्हाईक का यावे? मग उरलेली दुकानेही उठतात. दुकानात उभे राहून कापड दाखवणारा सेवक, फरशी पुसणारी बाई, रात्रीचा पहारेकरी यांची रोजी बुडते. ज्याने आयुष्याची पुंजी घालून एक गाळा घेतला असेल, त्याच्या हाती कुलूप तेवढे उरते.

मग या प्रचंड इमारतींचे करावे काय? त्या पाडल्या तर सिमेंट, लोखंड आणि माणसांचे श्रम वाया जातात. म्हणून अनेक ठिकाणी त्यांना नवे काम देण्यात आले आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात वन हंड्रेड ओक्स नावाचा मॉल रोडावला होता. २००९ साली तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयाने त्याच्या वरच्या मजल्यावर आपले दवाखाने थाटले. दवाखान्यात येणारी माणसे खालच्या दुकानांतही जाऊ लागली. बर्लिंग्टन गावी तर एक शाळाच दुकानात भरली. शाळेच्या मूळ इमारतीत आरोग्यास घातक रसायने आढळली, तेव्हा २०२१ साली मुले मॉलमधील बंद पडलेल्या मेसीज या मोठ्या दुकानाच्या जागेत शिकू लागली. सरकत्या जिन्यावर उभे राहून वर्गात जाण्याची मौज त्यांना लाभली!

आपल्याकडेही इमारतींनी काम बदलल्याची उदाहरणे आहेत. मुंबईत लोअर परळ येथे १९०५ साली स्थापन झालेली फिनिक्स ही कापडगिरणी होती. गिरणीचे दिवस सरल्यावर तिच्याच आवारात मॉल उभा राहिला. जी जागा गिरणीची मॉल झाली, ती पुढे गरजेनुसार आणखीही काही होऊ शकेल.

मात्र नवे काम देताना सावधगिरी हवी. मुंबईच्या भांडुप उपनगरातील ड्रीम्स मॉलमध्ये करोनाच्या साथीच्या काळात वरच्या मजल्यावर रुग्णालय सुरू झाले होते. मार्च २०२१ मध्ये त्या इमारतीस आग लागली आणि काही रुग्णांना प्राणास मुकावे लागले. दुकानात आलेला धडधाकट मनुष्य धूर दिसताच पळू शकतो. खाटेवरचा रुग्ण पळू शकत नाही. म्हणून पाण्याची व्यवस्था, धूर बाहेर जाण्याची सोय आणि सुटकेच्या वाटा यांची पाहणी झाल्यावाचून जुन्या इमारतीत नवा संसार मांडू नये.

आता पुन्हा नांदगाव पेठेकडे वळू. लोहमार्गाने ज्या हमरस्त्याचे महत्त्व एके काळी कमी केले, तोच रस्ता मालमोटारींमुळे आज पुन्हा जागा झाला आहे. गावाजवळ मोठी औद्योगिक वसाहत आहे. सिटीलँड, बिझीलँड अशी घाऊक कापडविक्रीची संकुले या परिसरात नागपूर मार्गावर उभी आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. कापसाच्या मुलखात सूत निघावे, कापड व्हावे आणि तेथेच विकले जावे, हा त्यामागील हेतू होय.

ही भरभराट कायमची आहे, असे मानण्याचे कारण नाही. उद्या रस्ता बदलेल, खरेदीची रीत बदलेल. अशा वेळी ज्या बाजाराला एकच काम ठाऊक असते, तो लवकर उठतो. ज्या बाजाराजवळ शाळा असते, दवाखाना असतो, कारागिरांच्या हातांना काम असते आणि म्हाताऱ्याला घटकाभर बसायला पार असतो, तेथे माणसे येतच राहतात. आणि माणसे आली, की दुकानेही तग धरतात. जुन्या पेठेला हे ठाऊक होते. ग्रुएनच्या पहिल्या आराखड्यातही तेच होते. रिकाम्या मॉलमध्ये आज दवाखाने आणि शाळा येत आहेत, तेव्हा तो अपुरा राहिलेला आराखडाच उशिरा का होईना पुरा होत आहे.

तुमच्या गावातही एखादी बंद जिनिंग, पडका बाजारओटा किंवा कुलूप लावलेले दुकानसंकुल असेल. त्याच्याजवळून जाताना ते पूर्वी कशासाठी उभारले होते, हे वडीलधाऱ्यांना अवश्य विचारा. तेथून उठून लोक कोठे गेले, हेही विचारा. आणि आज गावाला ज्याची उणीव भासते, ते तेथे वसवता येईल काय, याचा आपल्याशी विचार करा.