एका वेलांटीचा पॅच

मराठी वाचणाऱ्या लिनक्सवाल्यांच्या ओळखीचा ‘लोहित’ हा फाँट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला. २००४ मध्ये रेड हॅटने तो जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला केला.

फाँट आला तरी शुद्धलेखन वेगळं तपासावंच लागतं. अनुवादाच्या ‘पीओ’ फाइलमध्ये मूळ इंग्रजी ओळीखाली मराठी ओळ असते. ‘माहीती’चं ‘माहिती’ करायचं, तर फक्त खालची ओळ बदलायची. वरच्या ओळीला धक्का लागला की जुळणी तुटते आणि पडद्यावर पुन्हा इंग्रजी उमटतं.

इंग्रजीसाठी लिनक्स कर्नलमध्ये नेहमीच्या चुकांची यादीच ठेवलेली आहे: डावीकडे चुकलेलं स्पेलिंग, मग दोन उभ्या रेघा, उजवीकडे बरोबर स्पेलिंग. ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट नवा पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, त्या यादीशी ताडून पाहते. हे काम किरकोळ मुळीच नाही. शब्द चुकला, तर ‘ग्रेप’ने शोधणाऱ्याला हवा तो उतारा सापडतच नाही.

काही चुका मात्र निसटल्या. एचटीटीपीतल्या ‘रेफरर’ या हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आर’ गळाला आणि १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजात तसाच राहिला. ब्राउझर आजही तेच स्पेलिंग पाठवतात.