चिखलातील उभ्या वाटा : मऊ जमिनीच्या निचऱ्याचा आढावा

मऊ चिकणमातीवर भराव टाकला, की पहिल्या दिवशी तो भार माती उचलत नाही. मातीच्या कणांमध्ये अडकलेले पाणी उचलते. त्या पाण्यावर चढणाऱ्या दाबाला रंध्रदाब म्हणतात, आणि पाणी जसजसे झिरपून जाते तसतसा भार कणांच्या सांगाड्यावर उतरतो, कण एकमेकांजवळ सरकतात, जमीन बसते आणि बसता बसता बळकट होते. या क्रियेचे नाव दृढीकरण. कार्ल टर्झागी यांनी १९२५ मध्ये तिचे गणित मांडले आणि त्यातून निघालेला मुख्य नियम असा, की पाण्याची वाट दुप्पट लांब झाली तर लागणारा काळ चौपट होतो. दृढीकरणाचा गुणांक वर्षाला एक चौरस मीटर धरला, तर १० मीटर जाडीच्या थराला वर आणि खाली दोन्हीकडे निचरा असूनही ९० टक्के दृढीकरणासाठी सुमारे २१ वर्षे लागतात. त्याच थरात १.२ मीटर अंतराने त्रिकोणी मांडणीत अरुंद पट्टी-निचरे उभे केले, तर पाण्याला पाच मीटरऐवजी फार तर ६० ते ६५ सेंटिमीटर आडवे जावे लागते आणि तेच काम गणिताप्रमाणे वर्षभरात उरकते. उभ्या निचऱ्याची सारी विद्या एवढ्यात सामावते: माती तीच राहते, पाणीही तेच राहते, केवळ वाट जवळ केली जाते.

या विद्येचा आढावा नागपूरकर वाचकासाठी का घ्यावा, याचे उत्तर काळ्या मातीत आहे. विदर्भातील अभियंता ज्या जमिनीवर शिकतो ती कापसाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून पसरते, आणि वर्षाचा मोठा काळ तिची रंध्रे पाण्याने पूर्ण भरलेली नसतात. उभा निचरा मात्र संपृक्त मातीसाठी, म्हणजे जिच्या रंध्रांत हवेला जागाच उरलेली नाही अशा मातीसाठी असतो. काळ्या मातीचा उपाय वेगळाच आहे: ती काढून मुरूम भरणे, चुन्याने तिचा फुगण्याचा गुण कमी करणे, किंवा तळाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड खांबांनी पाया खोल स्थिर थरात रोवणे. तरीही काळी माती आणि खाडीचा चिखल या दोहोंना ‘खराब जमीन’ या एकाच शब्दात गुंडाळून दोहोंना एकच औषध सुचवणारे सल्लागार आजही भेटतात, आणि त्यांच्याशी या लेखाचा पहिला मतभेद आहे. नागपुरातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग निघतो, विदर्भातील कंटेनर अखेर कोकण किनाऱ्यावरील न्हावा-शेवा बंदराच्या आवारात उतरतात, आणि म्हणून ज्या मुरमावर नागपूर उभे आहे तिथल्या अभियंत्यालाही कोकणचा चिखल परका मानून चालत नाही.

इतिहासाचा आरंभीचा भाग थोडक्यात आटोपता येतो. अमेरिकेत डॅनियल मोरान यांनी १९२० च्या दशकात वाळूच्या उभ्या निचऱ्याची कल्पना पेटंटरूपाने मांडली आणि १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागाने ती दलदलीवरील रस्त्यांखाली वापरून पाहिली. त्याच दशकात स्वीडनमध्ये वॉल्टर केलमन यांनी वाळूऐवजी पुठ्ठ्याची पट्टी जमिनीत खुपसली. आजच्या प्लास्टिक पट्टीची ती पूर्वज होय. रेजिनाल्ड बॅरन यांनी १९४८ मध्ये निचऱ्याकडे त्रिज्येने येणाऱ्या पाण्याचे गणित पूर्ण केले, आणि स्वेन हान्सबो यांनी पुढे त्यात लिंपणीचा परिणाम, म्हणजे पट्टी आत नेणारी पोलादी नळी शेजारचा चिखल चोळून त्याची रंध्रे बंद करते त्याचा परिणाम, सोप्या सूत्रात बसवला. यानंतरचे सैद्धांतिक लेखन विपुल आहे, पण त्याने कामाच्या जागेवरील निर्णय फारसे बदललेले नाहीत.

खरे लक्ष वेधून घेतो तो भारतात रुजलेला एक प्रकार, ज्याला अभियंते सँडविक म्हणत आणि ज्याचे मराठीत वाळूची वात हे नाव अगदी नेमके बसते. कोलकात्याच्या मऊ गाळावर काम करणाऱ्या दस्तिदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मेक्सिको येथील आंतरराष्ट्रीय मृदायांत्रिकी परिषदेत एका गृहप्रकल्पातील तिच्या वापराचा लेख सादर केला. रचना साधी आहे: तागाच्या विरळ विणीच्या कापडाची ६५ ते ७५ मिलिमीटर व्यासाची लांब पिशवी शिवायची, तिच्यात धुतलेली भरड वाळू ठासून भरायची, ती पाण्यात भिजवून जड करायची, जमिनीत ठोकलेल्या नळीतून ती खाली सोडायची आणि मग नळी वर काढून घ्यायची. वात जमिनीत राहते, तिचे तोंड वर पसरलेल्या वाळूच्या थरात उघडते, आणि भरावाखाली पिळले जाणारे पाणी त्या थरातून बाजूला वाहून जाते.

या साधेपणामागची युक्ती समजण्यासाठी जुन्या वाळूच्या निचऱ्याचा दोष ध्यानात घ्यावा लागतो. मोठ्या व्यासाचा निचरा नुसत्या वाळूने भरला, तर नळी उपसताना मध्येच वाळू अडकून पोकळी राहते, किंवा भरावाच्या ओझ्याने चिखल आडवा सरकला की वाळूचा स्तंभ कापला जातो. आणि एकदा कापला गेलेला निचरा वरून कितीही शाबूत दिसला तरी खालच्या पाण्याला त्याचा उपयोग नसतो. तागाची पिशवी वाळूला सलग ठेवते. चिखल सरकला तर वात वाकते, तुटत नाही. शिवाय पिशवीची लांबी जमिनीबाहेरच मोजलेली असल्याने निचरा ठरलेल्या खोलीपर्यंत गेला की नाही, हे साध्या मजुरालाही डोळ्यांनी पडताळता येते, आणि तपासणीची ही पारदर्शकता नंतरच्या कोणत्याही पद्धतीला तितक्या सहज साधलेली नाही.

वाळूचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. ३०० मिलिमीटरच्या निचऱ्याला जेवढी वाळू लागते, तिचा सुमारे अठरावा भाग ७० मिलिमीटरच्या वातीला पुरतो. अरुंद वाती जवळजवळ लावाव्या लागतात हे खरे, पण बॅरन यांचे सूत्र वापरून पाहिले तर ३०० मिलिमीटरचे निचरे २.५ मीटरवर ठेवून जी गती मिळते, ती वाती सुमारे १.८५ मीटरवर ठेवूनही मिळते. म्हणजे संख्या दुपटीपेक्षा कमी वाढते आणि एकूण वाळू मात्र दहाव्या हिश्श्यावर येते. निचऱ्याच्या गतीवर त्याच्या जाडीपेक्षा त्यांच्यामधील अंतराचा प्रभाव कितीतरी अधिक असतो, ही गोष्ट सूत्रात दडलेली होती. वातीने ती कामाच्या जागेवर उघड केली. ज्या महाराष्ट्रात नदीची आणि खाडीची वाळू आज दुर्मीळ झाली आहे, तिथे हा हिशेब पुन्हा मांडण्याजोगा आहे. १९७० च्या दशकात विशाखापट्टणमच्या बाह्य बंदरात, जिथे सागरी चिकणमातीवर लोहखनिजाचे ढिगारे रचायचे होते, तिथे वाळूच्या निचऱ्यांबरोबर या वातींचाही उपयोग झाला आणि देशातील एका पिढीने त्या कामातून हा विषय शिकून घेतला.

वातीविरुद्ध नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की ताग कुजतो. तो कुजतो हे निर्विवाद आहे; परंतु निचऱ्याचे आयुष्य दृढीकरणाच्या आयुष्याइतकेच हवे असते, आणि जे काम सहा महिने ते दीड वर्षात संपणार त्यासाठी शंभर वर्षे टिकणारे प्लास्टिक जमिनीत गाडण्याचा आग्रह कोणत्या हिशेबाने धरला जातो, याचे उत्तर आक्षेपकांनी अद्याप दिलेले नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात सेंग-लिप ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात काथ्याच्या दोरांभोवती तागाचे कापड गुंडाळून पूर्णपणे नैसर्गिक धाग्यांची पट्टी बनवली आणि ती प्रत्यक्ष कामांत वापरून दाखवली. ताग बंगालचा आणि काथ्या नारळाच्या किनाऱ्याचा; दोन्ही ज्या देशात पिकतात, त्या देशाने या पट्टीची सखोल चाचणी मोठ्या प्रमाणावर स्वतः करायला हवी होती.

कोकणच्या किनाऱ्यावर या विद्येचे सर्वांत मोठे क्षेत्र आहे. ठाणे आणि पनवेलच्या खाड्यांकाठी खाजणांच्या आणि मिठागरांच्या जमिनीखाली करड्या-काळ्या सागरी चिखलाचा थर पसरलेला आहे. त्याची जाडी जागोजागी बदलते आणि अनेक ठिकाणी त्यातील पाण्याचे प्रमाण माती प्रवाही बनण्याच्या सीमेजवळ पोचलेले असते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबईचे रस्ते, रेल्वे आणि वसाहती याच चिखलावरील भरावांवर वाढल्या, आणि २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराची कंटेनर-आवारे आणि त्यांना जोडणारे मार्गही याच जमिनीवर आहेत. या टापूत सुमारे १०० मिलिमीटर रुंद आणि ३ ते ५ मिलिमीटर जाड प्लास्टिक पट्टीचा, कामाच्या जागेवर सर्रास पीव्हीडी म्हटल्या जाणाऱ्या निचऱ्याचा, वापर रूढ झाला. मधला गाभा पन्हळीसारखा, त्याभोवती मातीचे कण अडवणारे न विणलेले कापड, पट्टी खाली नेणारी मँड्रेल ही पोकळ पोलादी नळी आणि तळाशी पट्टी अडकवून धरणारा लहानसा पत्रा, एवढ्या सामग्रीवर एक यंत्र दिवसाकाठी हजारो मीटर निचरा जमिनीत उतरवते. वेगाच्या बाबतीत वाळूची वात या यंत्राशी बरोबरी करू शकली नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

दुसरा मतभेद खांबांच्या पुरस्कर्त्यांशी आहे. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूसारखा पूल खडकात रोवलेल्या खांबांवरच उभा राहणार, त्याविषयी वाद नाही. परंतु शेकडो एकरांचे आवार खांबांवर उभे करता येत नाही, आणि खांबांवरील इमारतीभोवतीची न सुधारलेली जमीन मात्र पुढची वीस वर्षे बसत राहते. ती बसताना खांबांना चिकटून त्यांना खाली ओढते, हे ओझे मूळ हिशेबात धरलेले नसेल तर धोका उद्भवतो, आणि त्याच काळात इमारतीत शिरणाऱ्या जलवाहिन्या व गटारे जोडांपाशी तुटतात. खाडीकाठच्या पुलावर चढताना वाहनाला बसणारा हिसका हा याच दुर्लक्षाचा रोजचा पुरावा आहे: पूल खडकावर स्थिर असतो आणि त्याला भिडणारा भराव खाली गेलेला असतो.

जपानच्या ओसाका उपसागरातील १९९४ मध्ये सुरू झालेल्या कान्साई विमानतळाचा धडा या संदर्भात मोलाचा ठरतो. समुद्रतळाच्या सुमारे २० मीटर मऊ थरात वाळूचे असंख्य निचरे बसवून तो थर अपेक्षेप्रमाणे लवकर दृढ करण्यात आला, पण त्याखालच्या जुन्या आणि अतिशय खोल चिकणमातीपर्यंत निचरे पोचणे शक्य नव्हते आणि बेटाचे बसणे दहा मीटरांच्याही पुढे गेले. निचरा जिथपर्यंत जातो तिथपर्यंतच त्याचे राज्य असते. त्याखाली काय आहे हे आधी छिद्र घेऊन आणि नंतर सतत मोजून जाणावे लागते. अकिरा असाओका यांनी १९७८ मध्ये दिलेली पद्धत, जिच्यात ठरावीक अंतराने मोजलेल्या बसण्याच्या नोंदी एका आलेखावर मांडून अंतिम बसणे ताडता येते, तिचे महत्त्व यामुळेच आहे.

ऱ्हास जाणवतो तो नेमका इथे. एके काळी कामाच्या जागेवरील कचेरीत भिंतीवर आलेखकागद लावलेला असे, त्यावर बसण्याच्या पट्ट्यांचे आणि पिझोमीटरचे, म्हणजे रंध्रदाब मोजणाऱ्या नळ्यांचे, आकडे हाताने टिपले जात, आणि भरावाचा पुढचा टप्पा चढवायचा की थांबायचे हे तो आलेख ठरवी. आज निविदेत निचऱ्याचे मीटर मोजले जातात, त्यांचेच पैसे दिले जातात, आणि रंध्रदाब ओसरण्यासाठी लागणारे महिने वेळापत्रकातून सर्वांत आधी कापले जातात. आयएस १५२८४ या मानकाचा २००४ मधील दुसरा भाग उभ्या निचऱ्यांनी करायच्या पूर्व-दृढीकरणाला वाहिलेला आहे, म्हणजे नियमांचा अभाव नाही. अभाव आहे तो थांबण्याच्या धैर्याचा. भरावाचे तात्पुरते ओझे काढून घेण्याची घाई झाली, तर निचऱ्यांनी वाट जवळ करून दिलेले पाणी त्या वाटेवर अर्ध्यातच राहते, आणि राहिलेले बसणे मालकाच्या पदरात इमारत उभी झाल्यावर पडते.

महाराष्ट्रात या विषयाचे ज्ञान साठावे यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. खाडीकाठी एक लहानसा चाचणी-भराव घालावा, त्याखाली एका भागात प्लास्टिक पट्टी, दुसऱ्या भागात वाळूची वात, तिसऱ्यात ताग-काथ्याची पट्टी आणि चौथ्यात निचऱ्याविना मूळ चिखल ठेवावा, चारही भागांवर सारखेच ओझे चढवावे आणि दोन वर्षे दर आठवड्याला मोजमाप घ्यावे. त्या नोंदी नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेपासून मुंबईतील संस्थांपर्यंत कोणत्याही विद्यार्थ्याला खुल्या असाव्यात, म्हणजे ताग कुजतो की कामास येतो हा वाद मतांवर न चालता आकड्यांवर मिटेल. तोवर खाडीकाठी पुढचे आवार उभारणाऱ्या अभियंत्याने यंत्राने किती मीटर पट्टी उतरवली, ही नोंद वाचण्याआधी पिझोमीटरमधील पाणी किती खाली आले, ती नोंद वाचावी. जमिनीची खरी तयारी त्याच नोंदीत कळते.